कुडाळकडचं गावठी बियाणे केंद्र: भाताला पैकीच्या पैकी, भाजीचं बी जरा बघून घ्या

सरळ मुद्द्यावर येतो. वालय, सोरटी, बेळा असलं जुनं भात, वालीचं बी, कोनफळाचं बेणं वगैरे पाहिजे असेल तर कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाताना आत एका वाडीत एक काका आणि त्यांची सून मिळून घराच्या पडवीत बियाणे केंद्र चालवतात तिथे जा, माझ्याकडून पाचातले चार स्टार. नाव टाकत नाहीये कारण बोर्डच नाही, आणि काकांनी स्पष्ट सांगितलंय की फोन नंबर कुठे टाकू नको, पावसाच्या तोंडावर मुंबईहून फोन येत राहतात आणि निम्म्या लोकांना कुंडीत लावायला भात पाहिजे असतं. वाडीत कोणालाही विचारा, घर दाखवतील. गाडी मात्र मुख्य रस्त्यालाच लावा, आत वळवायला जागा नाही आणि गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला घासली तर शिव्या तुम्हीच खाणार.

आता सिस्टीम. भाताचं बी इथे विकत मिळत नाही. एक किलो न्यायचं, कापणी झाल्यावर दोन किलो आणून द्यायचं, तेही त्याच जातीचं, वाळवून, पाखडून, भेसळ काढून. पैसे देतो म्हटलं तर काका हसतात. पीक गेलं तर येऊन तसं सांगायचं, का गेलं ते वहीत लिहून घेतात आणि वसुली वगैरे काही नाही. पैसे फक्त भाजीच्या पुड्यांना, वीस रुपये पुडी, ते त्यांच्या परसातलंच बी असतं. जीपे आहे पण रेंज नाही, सुट्टे घेऊन जा. माझ्या पुढे एक जण उभा होता, त्याने विचारलं की दोन किलो नाही आणून दिलं तर काय करणार, तर काका म्हणाले, "काय करतलंय? पुढच्या वर्साक तुका देवचंय नाय, आनि वहीत नाव र्‍हवतला." एवढी एकच शिक्षा. पण वाडीवाडीतली माणसं एकमेकांना ओळखतात त्यामुळे ती पुरते असं दिसलं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे बी द्यायच्या आधी पेज देतात. खरंच. वहिनी, म्हणजे काकांची सून, म्हणाल्या, "खावन बघ, मगे घे." वालयची लाल पेज, वर खोबऱ्याची कातळी आणि बाजूला आंब्याचं लोणचं. उकड्या तांदळाची पेज आपण सगळेच खातो पण वालयच्या पेजेला एक वेगळाच गोडसरपणा असतो आणि निवळ पण लालसर उतरते, पोटात गेल्यावर दुपारपर्यंत भूक नाही. सोरटीची पेज त्यामानाने साधी वाटली, पण वहिनींचं म्हणणं सोरटी भाताला नाही, भाकरीला घ्यायची. बियाण्याच्या दुकानात चव बघायला मिळते हे मी पहिल्यांदा बघितलं. कृषी सेवा केंद्रात पाकिटावर भाताच्या लोंबीचा फोटो बघून आपण घेतो, आणि तो फोटो चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाकिटांवर सेम असतो हे कोणी लक्ष देऊन बघितलंय का? बघा एकदा.

पण खरा माल म्हणजे ती वही. दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची, कोपरे वाळवीने खाल्लेले. एकेका जातीला एक पान. वरती जातीचं नाव, मग कोणाच्या घरातून पहिलं बी आलं, कुठली वाडी, मळ्यातलं की भरडावरचं म्हणजे उंचवट्याच्या जमिनीतलं, किती दिवसात पिकतं, पावसात लोळतं का, पेंढा गुरं खातात का, भाकरी चिरते का. खाली मग कोणी नेलं, कोणी परत आणलं. बेळ्याच्या पानावर एका आजींचं नाव आहे, त्यांच्यापुढे "माहेरहून आणलेलं" असं लिहिलंय आणि माहेरच्या गावाचं नाव. त्या आजी आता नाहीत. त्यांच्या नातवाला पण माहीत नव्हतं की घरचं भात आजीच्या माहेरचं आहे, तो तिथेच पान बघत उभा राहिला.

आता ह्या वहीचं एवढं कौतुक का करतोय ते सांगतो, जरा लांबण लागेल, घाई असेल तर खाली तक्रारी लिहिल्यात तिथे जा.

पडवीच्या भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी एक लॅमिनेट केलेला कागद लावलाय. त्यात आपल्या देशाच्या 2001 च्या कायद्यातलं, म्हणजे पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातलं, कलम 39 मराठीत लिहिलंय. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायला, वापरायला, पेरायला, परत पेरायला, बदली करायला, वाटायला आणि विकायला हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी त्या वाणाचं लेबल लावून पॅक करून विकायचं नाही. बस. हे वाचून माझ्या बरोबर आलेला मित्र म्हणाला यात काय विशेष, आपले आजोबा हेच करत होते की. बरोबर आहे, पण आजोबांना कोर्टाची नोटीस येत नव्हती. 2019 साली गुजरातमधे पेप्सिकोने बटाट्याच्या एका वाणावरून शेतकऱ्यांवर केसेस टाकल्या होत्या, चार जणांकडे तर प्रत्येकी एक कोटी पाच लाख मागितले होते. बोंबाबोंब झाली तशी कंपनीने केसेस मागे घेतल्या, मग डिसेंबर 2021 मधे त्या वाणाची नोंदणीच रद्द झाली आणि जानेवारी 2024 मधे दिल्ली हायकोर्टाने तो रद्द करायचा निर्णय फिरवला. म्हणजे वाणाचा वाद कुठल्या कुठे गेला बघा. केसेस लागल्या तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने जी ढाल पुढे केली गेली ती हेच कलम 39.

आणि ह्याच्याही वर एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं नाव एवढं लांब आहे की घेईपर्यंत तरवा (लावणीची भाताची रोपं) पिवळा पडेल: अन्न आणि शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संसाधनांचा आंतरराष्ट्रीय करार. एफएओच्या म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या बैठकीत रोममधे 3 नोव्हेंबर 2001 ला मंजूर झाला, 29 जून 2004 पासून लागू, आणि भारताने तर 2002 मधेच सही शिक्का करून टाकला होता. त्याच्या आधी 1983 मधे एक नुसता समजुतीचा मसुदा होता, बी म्हणजे सगळ्या मानवजातीचा वारसा, कोणीही घ्या असं म्हणणारा, बंधन कोणावरच नाही. मग 1992 च्या जैवविविधता कराराने सांगितलं की नाही, ज्या देशात आहे त्याचा त्यावर अधिकार. आता भाताचं बी कुठल्या एका देशाचं म्हणणार? ते किती बंदरं आणि किती घाट ओलांडून कुठून कुठे गेलंय कोणास ठाऊक. प्रत्येक वेळी देशादेशांत वेगळा करारमदार करत बसायचं तर संशोधन बंद पडेल. म्हणून 2001 च्या करारात मधला मार्ग काढला, ठरावीक पिकांचं बी एका सामाईक पेढीत ठेवायचं, एकच ठरलेला छापील करारनामा, त्यावर सही करायची आणि संशोधनासाठी, पैदाशीसाठी, शिक्षणासाठी बी न्यायचं. मिळालं तसंच्या तसं बी उचलून त्यावर मालकी लावायची नाही. फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेत म्हणजे इरीमधे भाताचे 1 लाख 30 हजारांच्या वर नमुने आहेत ते ह्याच पद्धतीने देतात.

सामाईक पेढीत काय काय आहे ती यादी मी बसून वाचली, आणि कोकणातल्या माणसाने वाचावीच अशी आहे. एकूण 64 पिकं, 35 खायची आणि 29 चाऱ्याची. भात आहे, नाचणी आहे, नारळ आहे, केळी आहेत, वांगं, आळू, कोनफळ, करांदे, चवळी, मूग, उडीद सगळं आत. आंबा बाहेर. काजू बाहेर. कोकम बाहेर. कुळीथ पण बाहेर, म्हणजे आपली पिठी आंतरराष्ट्रीय पातळीवर दुर्लक्षितच. मिरची, कांदा, तवशी म्हणजे काकडी, दुधी यातलं काहीच नाही. आणि फणसाची गंमत बघा, फणसाच्या कुळातला फक्त नीरफणस आत घेतलाय आणि बरका कापा दोन्ही बाहेर ठेवलेत! आता हे कोणी ठरवलं म्हणाल तर देशादेशांनी वाटाघाटीत बसून ठरवलं, ज्याला जे सोडायचं नव्हतं त्याने ते धरून ठेवलं, सोयाबीन आणि भुईमूग पण असेच बाहेर राहिलेत. काकांना मी ही यादी वाचून दाखवली तर म्हणाले, "मगे हापूस कोणाचो?" हापूसला भौगोलिक मानांकन आहे ते 2018 चं, पण ते नावाला आणि भागाला मिळतं, झाडाच्या कलमाची देवघेव कशी करायची याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे समजावता समजावता माझी पेज निवली.

मग वहीचा विषय कुठे आला? कराराच्या कलम 9 मधे शेतकऱ्यांचे हक्क आहेत. पारंपरिक ज्ञानाचं रक्षण, फायद्यात वाटा आणि देशात निर्णय होताना त्यात सहभाग. पण हे अमलात आणायची जबाबदारी त्या त्या देशाच्या सरकारवर टाकून करार मोकळा झालाय. आपल्याकडे त्यासाठी कायदा आहे, शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो, फी पण लागत नाही, शिवाय बी राखणाऱ्या गावांना पुरस्कार आहेत, समुदायाला दहा लाखांपर्यंत. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना पद्मश्री मिळाली ती ह्याच कामासाठी, ते सगळ्यांना माहीत आहे. पण वाटा मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच, हे बी तुमचं कशावरून? कोणी राखलं, कुठल्या गावात, किती वर्षं? तेव्हा तोंडी सांगून काय उपयोग. तिथे ती वाळवीने कुरतडलेली वही कामाला येईल. ह्या केंद्रातून बी नेणं म्हणजे त्या वहीत आपलं नाव लागणं, आणि माझ्या मते त्या एक किलो भातापेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

फायद्याच्या वाट्याचं पण सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की परदेशातून पैसे येणार. सामाईक पेढीतलं बी वापरून कंपनीने नवीन वाण काढला आणि तो पुढच्या संशोधनाला कुलूपबंद केला, तर विक्रीतून 30 टक्के वजा करून उरलेल्याच्या 1.1 टक्के म्हणजे 0.77 टक्के कराराच्या फंडात द्यायचे. कुलूप नाही लावलं तर देणं ऐच्छिक. करार लागू झाला 2004 ला, आणि अशा विक्रीतून पहिला हप्ता यायला 2018 उजाडलं! तोपर्यंत फंड चालला तो सरकारांनी घातलेल्या पैशावर, नॉर्वे तर आपल्या देशातल्या बियाणे विक्रीच्या 0.1 टक्के दरवर्षी टाकतं. आता तर बी न्यायची पण गरज उरली नाही, त्यातल्या जनुकांची अक्षरं कॉम्प्युटरवर वाचून काम भागतं, मग त्याचे पैसे कोणी द्यायचे ह्यावर प्रत्येक बैठकीत भांडण, 2022 ला दिल्लीत बैठक झाली तिथेही हाच विषय होता. एकूण ह्या आंतरराष्ट्रीय सेवेला वेगळे स्टार द्यायचे झाले तर बी मिळण्याला चार आणि पैसे मिळण्याला एक, तोही पाहुणा म्हणून.

काकांच्या केंद्राचा हिशोब त्यापुढे किती साधा! नेलंस तर दुप्पट आण. शंभर टक्के व्याज म्हणा हवं तर, पण एक किलो भाताचं शेतात काय होतं ते माहीत असलेल्याला ते जड नाही.

उगवण. भात नेलं की घरी आधी शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, मी ठेवले होते, वालयचे नव्वदच्या आसपास कोंब आले. प्रमाणित भात बियाण्याला किमान 80 टक्के उगवण लागते, म्हणजे पडवीतलं बी त्याच्या वरच. ह्याचं कारण साठवण. काका अजून बी मुडीत ठेवतात, पेंढ्याची गच्च बांधलेली गोल मुडी, चुलीच्या वरच्या माळ्यावर, धुराने काळी झालेली. सोडताना आतलं भात हातात घेतलं तर कोरडं खडखडीत आणि अंगाला धुराचा वास. चावून बघितलं की कट्ट आवाज येतो. भेसळ पण जवळजवळ नव्हती, लावणीनंतर एखादं दुसरं वेगळं रोप दिसलं तेवढंच.

भाजीच्या बियाचं मात्र गणित बिघडलेलं आहे आणि स्टार तिथेच कापला. वालीचं बी चांगलं उगवलं, लाल माठ पण ठीक, पण तवशीचं निम्मंसुद्धा वर आलं नाही आणि दोडक्याच्या पुडीत बुरशीचा वास होता. कारण उघड आहे, भाजीचं बी प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ट्रंकेत ठेवलंय आणि आपल्याकडची हवा म्हणजे श्रावणात मीठसुद्धा डब्यातून ओतून घ्यावं लागतं. वहिनींना सांगितलं तर त्यांनी लगेच पैसे परत देऊ केले, मी घेतले नाहीत, पण पुड्यांवर निदान कुठल्या वर्षाचं बी ते तरी लिहा असं सांगून आलोय. राख घालून मातीच्या मडक्यात ठेवलेलं पडवळाचं बी होतं ते एकदम ठणठणीत होतं, म्हणजे पद्धत त्यांना माहीत आहे, भाजीच्या बाबतीत कंटाळा केलाय एवढंच.

दुसरी तक्रार वहीचीच. एवढी मोलाची गोष्ट आणि एकच प्रत! फोटो काढू का विचारलं तर काका नाही म्हणाले, कोणीतरी येऊन फोटो काढून नेईल आणि उद्या आमचीच जात आम्हाला विकेल अशी भीती त्यांना आहे. भीती चुकीची म्हणणार नाही. पण वाळवीला ती कळत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांची नोंदवही करायची असते, त्यात ह्या जाती गावाच्या नावाने चढवल्या तर कागदोपत्री पुरावा राहील आणि वही घरातच राहील. ह्याबद्दल विचारलं तर वहिनी नुसत्या हसल्या, ग्रामसभेत रस्ता आणि पाणी संपत नाही तोवर भाताचा नंबर लागत नाही म्हणे.

आणखी एक, अपेक्षा ठेवून जाताना हेही लक्षात ठेवा की वालय म्हणजे काही भरघोस उत्पन्नाचं भात नव्हे. उंच वाढतं, नवरात्राच्या आसपास पाऊस आणि वारा आला की लोळतं, युरिया टाकलात तर हमखास लोळतं. निव्वळ विकायला भात करायचं असेल तर दापोली विद्यापीठाच्या रत्नागिरी आणि कर्जतच्या जाती लावा, कमी उंचीच्या आहेत, उतारा जास्त, आणि त्यात कमीपणा काही नाही, त्या जाती काढताना पण कुठल्यातरी जुन्या भाताचंच रक्त वापरलेलं असतं. मी स्वतः मळ्यात रत्नागिरी लावतो आणि एका कोपऱ्यात घरच्या पेजेपुरता वालय. काकांनी पण हाच सल्ला दिला, सगळी शेती जुन्या भाताखाली घाल असं एकदाही म्हणाले नाहीत, त्यामुळे माणूस पटला.

गिऱ्हाइकांशी वागणं एकदम घरगुती. जरा जास्तच घरगुती म्हणायला हरकत नाही, कारण आत गेल्यावर आधी "खयचो तू? कोणाचो?" ह्याची पूर्ण चौकशी होते आणि तुमचं आजोळ सापडल्याशिवाय मुडी खाली उतरत नाही. घाईत असाल तर वैताग येईल. शहरातून हौसेने आलेल्यांना किलोभर न देता मूठभरच देतात, आधी करून दाखव म्हणतात, त्यावरून एका पाहुण्याने वाद घातलेला मी बघितला. मला तरी काकांचं बरोबर वाटलं, बी कमी आहे, आणि न पेरता बरणीत शो साठी ठेवलेलं बी दोन पावसाळ्यांत मरतं.

वेळ सकाळची आहे, दुपारी जेवणानंतर काका झोपतात आणि उठवलेलं आवडत नाही. भाताला जायचं तर रोहिणी लागायच्या आधी जा, मृगात गेलात तर सगळी माणसं शेतात असतात आणि घराला कडी. खाजणात म्हणजे खाऱ्या जमिनीत चालणारं भात हवं असेल तर आधी सांगून ठेवा, रायगडकडचा राता कधीतरी कोणीतरी आणून देतं, नेहमी नसतो. कापडी पिशवी आपली न्या. कोनफळाचं बेणं यंदा संपलंय, उगाच हेलपाटा घालू नका, करांदे आहेत अजून थोडे.